कपाटातला गव्हर्नर

गेला उन्हाळा मी एका अमेरिकन गव्हर्नरबरोबर कपाटात काढला. हसू नका. पुस्तकं ऐकवणाऱ्या एका ॲपसाठी वाचायचं काम मिळालं होतं आणि सामरवरणीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ट्रकचे हॉर्न न पोहोचणारी जागा एकच, बेडरूमच्या भिंतीतलं कपाट. खालचा कप्पा काढला, दाराला आतून गोधडी अडकवली, माइक घेऊन मांडी घालून बसले. पंखा बंद. घाम हनुवटीवरून टपकतोय आणि मी वाचतेय, एकोणिसाव्या शतकातला हा माणूस लाकडी झोपडीत कसा जन्मला, लोकांच्या शेतात राबत वकिली कशी शिकला, राज्याचा गव्हर्नर कसा झाला. लग्नानंतरचं माझं हे पहिलं काम. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मारणारी मी, सासूबाईंना झटका आल्यापासून भाजीलासुद्धा धावत जाऊन धावत येत होते.

सासूबाईंची डावी बाजू गेली होती. जीभ शाबूत. त्यांची खाट पुढच्या खोलीत, कपाटाच्याच भिंतीला लागून. त्यांना साक्रीजवळच्या आपल्या गावी जायचं होतं. "माले मना गाव मरनं शे," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. माझा नवरा खडोलीला धाग्याच्या कंपनीत सुपरवायझर. तो बूट काढता काढता म्हणायचा, "नेतो ना आई. या महिन्यात माणसं कमी आहेत." पुढच्या महिन्यात ऑडिट. त्याच्या पुढच्या महिन्यात नवीन मशीन. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. गाडी सांगून मी नेलं असतं, पण मुलगा धडधाकट असताना सुनेनं आणून टाकली, हे गावात कोण ऐकून घेणार? म्हणून त्या खाटेला खिळलेल्या आणि मी त्यांना. कपाटात गुदमरायचं, यात काही नवल नव्हतं. कपाटातून बाहेर आल्यावरही गुदमरायचं, त्याचा मला राग यायचा.

भिंतीतून त्यांना सगळं ऐकू जायचं. एकदा विचारलं, गव्हर्नर म्हणजे कोण? म्हटलं, आपल्या इथल्या केंद्रशासित प्रदेशाला प्रशासक असतात ना, तसे. पण लोकांनी निवडून दिलेले.

"मंग तो लोकेस्ना. घरना नही," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून त्यांनी गव्हर्नरला धारेवरच धरलं. त्यानं रेल्वे आणली, तुरुंग सुधारले, शाळांसाठी कायदा केला, त्यांना कशाचं काही नाही. मी ऐन रंगात आले की भिंतीपलीकडून आवाज, "त्यानी बायको कोठे शे?" झालं, परत पहिल्यापासून. ॲपवाल्यांचा निरोप यायचा, मागे कुणी तरी बोलतंय, प्रकरण पुन्हा करा. माझं डोकं फिरायचं. "आई, पुस्तक त्याच्यावर आहे, तिच्यावर नाही," मी ओरडायचे.

खरं सांगायचं तर मीही तिला शोधायला लागले होते. लिहिणाऱ्यानं तिला फारशी जागा दिलेलीच नव्हती. ती शेतावर वाढलेली. राजधानीतलं घर तिला सोसेना. ही मुदत संपली की आपण घरी जाऊ, असं त्यानं तिला सांगितलं. मग तो दुसऱ्यांदा उभा राहिला आणि परत तेच सांगितलं.

"खोटा शे तो," सासूबाईंनी निकाल दिला. मला हसू आलं. तोही टेक वाया गेला.

मग एके दुपारी ते पान आलं. हिवाळ्यात ती राजधानीतच वारली आणि वसंतात तो तिसऱ्यांदा निवडून आला. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात. वाचणाऱ्यानं जिथे थांबायला हवं तिथे मी थांबले आणि पुढे गेले. त्या दिवशी भिंतीपलीकडून काही आलं नाही. खोकलासुद्धा नाही. अख्खं प्रकरण एका दमात झालं. इतके दिवस ज्या शांततेसाठी मी जीव टाकत होते ती मिळाली, आणि मी माइक तसाच ठेवून गोधडी बाजूला सारली.

बाहेर आले तर त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. चहा विचारला, प्यायल्या. संध्याकाळी नवरा आला. गावाचं नाव त्यांनी काढलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. चार-सहा दिवसांनी तो ताटावर बसून खुशीत म्हणाला, "आई रमली आता इथं." रमली नव्हती ती बाई. तिनं सोडून दिलं होतं.

त्याला काही सांगण्यात अर्थ नव्हता. मी हात धुतले, त्यांच्या खाटेवर जाऊन बसले आणि म्हटलं, "आई, मी नेते तुम्हाला गावी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, काही नाही.

"त्यानीबी तिले आसंच सांगेल व्हतं ना?"

मी उठले, स्टूल ओढलं, माळ्यावरची बॅग काढली आणि त्यांची लुगडी घड्या न घालताच भरायला लागले. नवरा दारात उभा राहून म्हणत होता, "अगं, एवढी काय घाई आहे? रविवारी बघू."