शांत जमीन

आमच्या काकांना स्वस्थ बसणं ठाऊक नाही. पायाला भिंगरी, हात सतत शिवशिवणारे. जेवतानासुद्धा डावा हात टेबलावर ठेका धरतो. तापलेलं लोखंड ठोकून सुटे भाग घडवायचा त्यांचा कारखाना आहे. तिथला विजेवरचा घण पडला की अख्ख्या गल्लीतल्या कपबशा वाजतात. काकू म्हणते, "लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, इथं रोज भूकंप होतो."

मी औद्योगिक वसाहतीच्या ऑफिसात. कंपन्यांना इकडे ओढून आणायचं, हेच माझं काम. बारमाही पाणी, न जाणारी वीज, जवळ विमानतळ, कॉलेजांतून दरवर्षी बाहेर पडणारे इंजिनिअर, सगळं तोंडपाठ. या खेपेला चिप बनवणारी कंपनी आली आणि तिनं भलतंच विचारलं: जमीन शांत आहे का? त्यांचं काम इतकं बारीक, की जरा हादरा बसला तरी माल वाया. काकांच्या कारखान्यामागच्या माळावर त्यांनी हादरे मोजायचं यंत्र मांडलं. जरा लांब उभारलेल्या तंबूतल्या पडद्यावर त्याची रेघ सारखी उसळत होती. माशी कुठे शिंकली ते मला लगेच कळलं.

काकांना म्हटलं, "मोजणी होईपर्यंत घण बंद ठेवाल?"

"आणि कंपनी आल्यावर?"

"मग कायमचा बंद. दुसरीकडे जागा देतील."

"या वयात नवा पाया कुठं खणत बसू?" काका म्हणाले आणि कानस घेऊन उगाच एक दांडा घासायला लागले.

त्यांची एकुलती मुलगी, आमची ताई, परदेशात अशाच चिपच्या कारखान्यात आहे. 'इकडे असलं काम असतं तर उद्या परत आले असते,' हे तिचं दर फोनचं वाक्य. मी तिचं नावही काढलं नाही. काकांनी कानस ठेवली आणि खटका ओढून घण बंद केला.

दुसऱ्या दिवशी घण बंद, तरी रेघ उसळतेच. कंपनीच्या इंजिनिअर बाई वैतागल्या. मी तंबूबाहेर जाऊन बघतो तर जड बूट घालून काका यंत्राशेजारी येरझाऱ्या घालताहेत.

"काका, तुमचीच पावलं मोजतंय ते."

"मग काय करू? घरी जीव थाऱ्यावर नाही."

बाईंनी त्यांना आमच्याजवळ, पडद्यासमोर खुर्ची दिली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून काका बसले. रेघ सरळ झाली.

"अशी जमीन फार कमी ठिकाणी मिळते," बाई म्हणाल्या. मला आनंद व्हायला हवा होता, पण काकांकडे बघवेना.

तेवढ्यात ताईचा फोन आला. काका हात काढेनात, म्हणून मीच तो स्पीकरवर लावून त्यांच्यासमोर धरला.

"बाबा, कंपनी येतेय म्हणे?"

"येतेय. तू अर्ज कर."

"करते. पण घण का ऐकू येत नाही? बरे आहात ना?"

"जेवायची सुट्टी आहे."

"दुपारी चार वाजता?"

काका हलले नाहीत. रेघ सरळच राहिली.