पंख्यावरची चार बोटं

बोरगावकर सरांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते एका सिमेंटच्या टाकीत अर्धे वाकलेले होते. औरंगाबादच्या छावणीतल्या कॉन्व्हेंट शाळेत वाढलेली, रसायनशास्त्राची नवी पदवी हातात असलेली मी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी विचारायला गेले होते. पत्र्याच्या शेडमध्ये ती टाकी होती, टाकीत मिठाचे पाणी होते आणि पाण्यात होडीचा पितळी पंखा फिरत होता. होडीला पुढे ढकलणाऱ्या त्या तीन पात्यांच्या चक्राला कोकणातले मच्छीमार पंखाच म्हणतात. सरांनी ओले हात पुसत विचारले, "इंग्रजी चांगलं आहे का तुमचं? माझं फुलंब्रीचं आहे. पत्रं तुम्ही लिहायची, रंग मी करीन."

पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षभरातला सरांचा जन्म. यंदा त्यांची पंचाहत्तरी आपण सगळे साजरी करत आहोत, हे योग्यच आहे. पण गौरव समितीने काढलेल्या पत्रकात सरांविषयी लिहिले आहे, की ते थोर शिक्षक होते, आणि 'मध्यंतरी त्यांनी उद्योगातही एक अयशस्वी प्रयोग केला'. हे वाक्य वाचून मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. समितीच्या चिटणीसांना मी फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, सरकारी कागदावर तसंच आहे. आणि शुभ प्रसंग आहे, जरा गोड लिहा ना." गोड लिहिणाऱ्या इतर मंडळींचे लेख या गौरवग्रंथात आहेतच. मी त्या कागदाविषयी लिहिणार आहे. तो खोटा आहे, आणि सरांच्या नावावर तो तसाच राहू नये एवढीच माझी मागणी आहे.

आधी काम काय होते ते सांगते. कॉलेजात शिकवत असताना सर विद्यार्थ्यांची सहल घेऊन कोकणात गेले होते. तिथे धक्क्यावर एक तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, छिन्नी-हातोडी घेऊन आपल्या पंख्यावरचे कवच फोडत बसला होता. समुद्रात होडी उभी राहिली, की पंख्यावर आधी शेवाळ धरते, मग दगडासारख्या कवचाचे बारीक जीव येऊन चिकटतात. पाते खडबडीत झाले की होडी मंदावते, इंजिन धापा टाकते आणि डिझेल पीत सुटते. छिन्नी मारली की पात्याला खळगे पडतात, मग पंखा थरथरतो. विषारी रंग मिळत, पण गरगर फिरणाऱ्या पात्यावर ते टिकत नसत, आणि विष पाण्यात जाई ते वेगळेच. सर म्हणायचे, "ज्या पाण्यातला मासा आपण खायचा त्यातच जहर कालवायचं, ही कुठली अक्कल?" त्यांना जीव मारायचे नव्हते. पाते इतके गुळगुळीत करायचे होते, की चिकटलेला जीव होडी चालू होताच आपोआप सुटून जावा. त्यासाठी त्यांनी सिलिकॉनचा लेप तयार केला. नोकरी सोडली, शेड घेतली.

गावाने काय केले? हसले. औरंगाबादेत बसून होडीचा रंग! आज सत्काराला पहिल्या रांगेत बसणारे काही जण तेव्हा सरांना 'दर्यावर्दी' म्हणत. आमचे फिटर अन्वरभाई तोंडावर म्हणत, "साब, पहले समंदर तो लाओ, फिर रंग बनाओ. हर्सूल के तालाब में कौन से जहाज चलते?" पण अन्वरभाईंचे हसणे मायेचे होते. तेच पात्यावर तासन्‌तास पॉलिश पेपर घासत. बाकीच्यांना सरांचे उत्तर ठरलेले असे : "आजार बरा करायला डॉक्टरला आधी आजारी पडावं लागतं व्हय?"

लेपाचे तीन थर असत. पंखा घासून, थिनरने पुसून पहिला थर द्यायचा, तो हाताला चिकटेनासा झाला की दुसरा, मग तिसरा. मधल्या वेळात उघडा हात लावायचा नाही, कारण बोटाचा तेलकटपणासुद्धा वरचा थर धरू देत नाही. हा नियम मीच सुरेख अक्षरात लिहून शेडमध्ये लावला होता.

एका सरकारी तपासणी संस्थेने तीन होड्यांवर चाचणीला परवानगी दिली. लेप पास झाला, तर त्याचे नाव मंजूर यादीत येणार होते. मच्छीमार सोसायट्या यादीबाहेरचा रंग घेतच नसत, म्हणजे शेडचे सगळे भवितव्य त्या यादीवर होते. नारळी पौर्णिमेच्या आधी सर आणि मी बसने कोकणात गेलो. दोन होड्यांचे काम झाले. तिसऱ्या होडीच्या पंख्यावर पहिला थर देऊन सर धक्क्यावर फोन करायला गेले. मला म्हणाले, "इथंच थांबा. माशी बसू देऊ नका."

तेवढ्यात होडीमालकाची म्हातारी आई ताट घेऊन आली. हळद, कुंकू, खोबरेल, नारळ. होडी पाण्यात उतरण्याआधी तिची पूजा करतात हे मला ठाऊकच नव्हते. ती म्हणाली, "पोरी, तू लांबून आमच्या होडीसाठी आलीस. पयला हात तुझा."

मी म्हणाले, "आजी, रंग ओला आहे."

"अगो, मग काय झाला? देवाक काय ओला नि सुका!" ती हसली आणि माझा हात धरून तिने तेलात बुडवला, मग कुंकवात.

शाळेत मला मोठ्यांचा मान राखायला शिकवले होते. तिचा हात मऊ होता, आणि ती मला घरच्यासारखे वागवत होती. मी पात्यावर चार बोटे उमटवली. ती गेल्यावर रुमालाने पुसली. पाते स्वच्छ दिसत होते. सर आले, मी काही बोलले नाही, आणि त्यांनी वरचे दोन थर दिले.

पुढच्या पावसाळ्याआधी होड्या वर ओढल्या तेव्हा संस्थेचे अधिकारी गाडीतून आले. पहिल्या दोन पंख्यांवरून नुसता हात फिरवला तरी शेवाळ निघत होते, कवच एकही नव्हते. पण साहेबांनी ते पाहिलेच नाहीत. त्यांची गाडी तिसऱ्या होडीपाशी थांबली होती, आणि उन्हात चार पावले चालण्याची त्यांची तयारी नव्हती. तिसऱ्या पंख्याच्या एका पात्यावर लेप सुटला होता आणि उघड्या धातूवर कवच दाटले होते. सुटलेल्या भागाची वरची कड अजून ओळखू येत होती : शेजारी शेजारी चार बोटे.

सरांनी ती पाहिली. मग माझ्याकडे पाहिले, अगदी क्षणभर.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारले.

"तयारीत चूक झाली," सर म्हणाले. "माझी. बाकीचे दोन पंखे तेवढे बघा, साहेब. वीस पावलांवर आहेत."

"एक फेल म्हणजे फेल. तुमच्या गावाला समुद्र नाही, तुम्ही भांड्यांना कल्हई करा ना!" असे म्हणून साहेब स्वतःच हसले आणि कागदावर लिहिले : 'लेप अयशस्वी. अर्जदाराचा निष्काळजीपणा.'

निष्काळजीपणा! जो माणूस पाते पुसलेले फडके दुसऱ्यांदा वापरू देत नसे, त्याचा! सरांनी पुढे कितीदा तरी अर्ज केले, ते सारे माझ्याच हातचे आहेत. दर वेळी उत्तर आले, की पूर्वी अयशस्वी ठरलेल्या लेपाची फेरचाचणी होत नाही. शेवटी शेड बंद झाली. अन्वरभाई दुसरीकडे लागले, सर पुन्हा शिकवू लागले, आणि गावाला हवी ती गोष्ट मिळाली.

त्या तपासणीच्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी रडत होते. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या माउलीला तुम्ही नाय म्हणाला असता, तर मला आवडलं नसतं. चूक माझीच आहे. दर्यावरची माणसं पंख्याची पूजा करतात, हे मी विचारायला पाहिजे होतं. रसायन शिकलो, माणसं विचारली नाय." शेडवर पोचल्यावर त्यांनी माझ्या हाताने नियमाच्या कागदावर सर्वांत वर एक ओळ लिहून घेतली : 'आधी पूजा, मग घासणे, मग लेप.' माझे नाव त्यांनी आजवर कोणापुढे घेतलेले नाही. माझ्या लग्नात ते वडीलधाऱ्यासारखे उभे राहिले. माझी मुलगी दहावीत रसायनशास्त्रात अडली, तेव्हा दर रविवारी स्कूटरवरून शिकवायला आले. त्या एका क्षणाच्या नजरेचा उल्लेख कधीही झाला नाही.

खरे बोलावे हे मला शाळेतल्या सिस्टरांनी पहिलीपासून शिकवले होते. साहेब कागद लिहीत असताना मी हाताच्या अंतरावर उभी होते. एक वाक्य बोलले असते, तर निदान 'अर्जदाराचा' हा शब्द खोडावा लागला असता. मी बोलले नाही. चालायचा कंटाळा करणाऱ्या साहेबांवर मला राग आहे, हसणाऱ्या गावावर आहे, तो कागद डोळे मिटून उतरवून घेणाऱ्या समितीवर आहे. पण एवढी वर्षे सरांच्या मोठेपणाच्या आडोशाला सुखाने बसलेल्या माझ्यावर तो सर्वांत जास्त आहे.

म्हणून इथे, छापील अक्षरांत, माझ्या सहीनिशी लिहिते : तिसऱ्या पंख्यावरचा पहिला थर मी बिघडवला. अर्जदाराने कसलाही निष्काळजीपणा केला नाही. लेप दोन पंख्यांवर पूर्ण यशस्वी होता, आणि तो पाहण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. या लेखाची प्रत फेरचाचणीच्या नव्या अर्जासोबत त्या संस्थेला पाठवली आहे. समितीने आपले पत्रक दुरुस्त करावे, ही विनंती नाही.

सरांना हा लेख मी आधी दाखवलेला नाही. दाखवला असता, तर त्यांनी तो फाडला असता. आता ग्रंथ हातात पडल्यावर ते चष्मा काढतील आणि मला फोन करतील. सर, रागवा. भरपूर रागवा. तुमची प्रकृती ठणठणीत राहो, आवाज असाच खणखणीत राहो, आणि माझ्यावर रागवायला तुम्हाला अजून पंचवीस वर्षे पुरी मिळोत. मी प्रत्येक वेळी फोन उचलीन.