सावलीच्या कडेला

नांदे गावात भाड्यानं राहायला आले तेव्हा मी नवा कॅमेरा घेतला होता. पहिला फोटो घरमालकीण काकूंचा. भरपूर उजेड हवा म्हणून त्यांना भर दुपारी अंगणात उभं केलं. "काकू, डोळे उघडा ना," मी तीनदा वैतागले. फोटोत डोळे मिटलेले आणि नाकाखाली मिशीसारखी सावली.

कंटाळून त्या गोठ्याच्या सावलीत, अगदी कडेला, उजेडाकडे तोंड करून तांदूळ निवडायला बसल्या.

"उन्हात डोळं दिपत्यात, आत खडा दिसत न्हाई. तांदूळ हितंच निवडायचा."

मी समोर बसून फोटो काढला. डोळे लख्ख, चेहऱ्यावर मऊ उजेड.

काकूंनी तो निरखून पाहिला. "आता कशी मी माणसावानी दिसतीया. मगाशी काय झालं हुतं तुला?"