नाल्याच्या पाण्याचा फोटो

मंडळी, आज घडलेलं लगेच लिहून टाकते, कारण मन थाऱ्यावर नाही.

सोलापुरातल्या नाल्यांचं पाणी कसं आहे, याचे फोटो आम्ही काही बायका मोबाइलवरच्या एका ॲपवर टाकतो. आज सकाळी आमच्या वस्तीमागच्या नाल्याला जांभळं, फेसाळ पाणी आलं होतं. वरच्या अंगाला टॉवेलचं सूत रंगवणारा कारखाना आहे. मी फोटो टाकला आणि स्वयंपाकाला लागले.

दुपारी एक अनोळखी माणूस दारात आला. सासूबाईंनी दिलेलं पाणी पिऊन तो मला शांतपणे म्हणाला, "ताई, फोटो लई चांगला काढलाय की तुमी."

"कुठला फोटो?"

"नाल्याचा. तेवढा पुसून टाका. तुमची लेक त्याच रस्त्यानं शाळेला जाती न्हवं?"

एवढं बोलून तो निघून गेला.

सासूबाई म्हणाल्या, "पुसून टाक बाई." मी ॲप उघडलं. फोटोखाली माझं पूर्ण नाव आणि ठिकाण कुणालाही दिसत होतं. याच नाल्याचे फोटो टाकणाऱ्या बाकीच्या बायकांचे सगळे फोटो मात्र गायब होते. त्यातल्या एकीला फोन केला. "मला काही विचारू नकोस," म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मी फोटो अजून पुसलेला नाही. लेक शेजारी बसून अभ्यास करतेय, तिला काही सांगितलेलं नाही. उद्या तिला शाळेत सोडायला मी जाणार आहे. नाल्याकडेच्या मैत्रिणींनो, कुणी येतंय का सोबत?