बाईमाणूस घेऊन या

आईच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी शिरवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला होतो. थोरला भाऊ साताऱ्यात, सरकारी गाडीवर ड्रायव्हर. आई जतकडच्या आमच्या वस्तीवर एकटीच राहायची. तिची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. तिचं कोण करणार, हे दादानं फोनवरच ठरवून टाकलं.

"तुझं लगीन न्हाई, पोरंबाळं न्हाईत. तूच जा. हितं आणली तर तुझी वहिनी म्हायेरी जाईल."

मी काम सोडलं. त्या फोनचा राग अजून उतरलेला नाही.

आईलाही मी नकोच होतो. आजारी आई म्हटलं की लोकांना वाटतं, ती लेकाच्या तोंडावरून मायेनं हात फिरवत असेल. माझ्या आईनं माझ्या मनगटाला चावा घेतला. लुगडं भिजलं होतं, ते मी सोडायला गेलो, तर दात रुतवले. मग धडधाकट डाव्या हातानं माझे केस धरून म्हणाली, "मर... तिकडं मर जा."

"मग पड तशीच!" मी ओरडलो आणि ओट्यावर जाऊन बसलो. थोड्या वेळानं आत गेलो, कारण जायला दुसरं कुणी नव्हतंच.

शेजारी चुलती राहायची. "आवं काकू, आंघोळ तेवढी घालत जावा की," म्हणून मी विनवलं होतं. "माझ्या सुना काय मोकळ्या हायत्या व्हय?" म्हणाली. पण तीच काकू एकदा पाण्याच्या टँकरपाशी सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "बापई गडी आईचं लुगडं फेडतो. बघवत न्हाई बया."

हातातली बादली मी तिच्या पायाशी आपटली. "बघू नगा. याचं असलं तर या, न्हाईतर गप बसा!"

तेव्हापासून टँकर आला की आमचं बॅरल सगळ्यांत शेवटी भरायचं. कधी भरायचं, कधी टँकरच संपायचा. घरात रोज हगलेमुतलेले कपडे धुणारा मी, आणि पाणी कमी पडायचं ते मलाच.

थंडीत आईच्या छातीत कफ भरला. सांगलीच्या एका दवाखान्यात तिला दाखल केलं, बायकांच्या वॉर्डात. दिवे लागायच्या सुमाराला सिस्टर माझ्याजवळ आल्या.

"पुरुषांना रात्री इथं थांबता येणार नाही. बाईमाणूस घेऊन या."

"आमच्यात बाईमाणूस न्हाई."

"असं कसं? कुणीतरी असेलच की."

"न्हाई म्हणतोय न्हवं!"

आजूबाजूच्या खाटांवरच्या बायकांनी पदर सावरले. त्यांचं काही चुकलं नव्हतं, तरी त्यांच्याकडं बघून माझ्या तोंडात शिवी आली. बाहेर येऊन दादाला फोन लावला, वहिनीला पाठव म्हणालो. "तिला सुट्टी न्हाई," तो म्हणाला. वहिनी कुठंच कामाला नव्हती.

मी जिन्याखाली झोपायचो. सकाळी आत सोडलं की आई संध्याकाळी होती त्याच कुशीवर, त्याच ओल्या चादरीवर पडलेली असायची. तिला उलटंपालटं करायला रात्री कुणी नसायचं. कफ सुटला, घरी सोडलं, आणि कमरेच्या खाली जखम पडली. आधी काळी, मग खोल.

गावात घरोघर आजारपणाची विचारपूस करत फिरणारी आशाताई बघायला आली. दारातूनच तिनं विचारलं, "घरात बाई कोण हाय?"

"मीच," मी म्हणालो.

ती हसली नाही. आत आली, कूस कशी बदलायची, उशा कुठं लावायच्या, जखम कशी कोरडी ठेवायची ते सगळं माझ्या हातून करून घेतलं. त्या वस्तीवर माझ्याशी सरळ बोललेली ती एकटीच.

मग एके दिवशी दुपारी दादा आणि वहिनी आले. वहिनी ओट्यावरच थांबली. दादा नाकाला रुमाल लावून आत आला, जखम बघितली आणि बाहेरच्या काकूलाही ऐकू जाईल असा ओरडला, "हे काय करून ठेवलंयस? जनावराला बी कोण असं ठेवत न्हाई!"

मी दाराला आतून कडी घातली. घमेलं आणि पट्टी त्याच्या हातात दिली. "आज तू कर."

"मला सवय न्हाई रं."

"मला बी नव्हती."

बाहेरून वहिनी दार बडवत होती. दादानं जखमेवरची जुनी पट्टी सोडली. आईचा डावा हात फिरला आणि त्याच्या थोबाडीत बसला. मला द्यायची त्याच शिव्या तिनं त्यालाही दिल्या. सरकारी गाडी चालवणारा माणूस जमिनीवर बसून रडायला लागला. मला कीव आली नाही. बरं वाटलं, हेच खरं. "ऊठ," मी म्हणालो, "अजून पट्टी बांधायची राह्यलीया." ती त्यानं बांधली. मगच मी कडी काढली.

जेवायला न थांबता ते गेले. लहान्यानं आपल्याला कोंडून मारलं, असं दादानं सगळ्या पाव्हण्यांना सांगितलं. त्यानंतर तो आलेला नाही.

जखम हळूहळू भरली. आई आता चावत नाही. मी जवळ गेलो की स्वतःच डाव्या हातानं खाटेचा कठडा धरते. माया आलीय असं नाही, दमलीय. मीही दमलोय. काही दिवस तिचा आवाजसुद्धा मला सहन होत नाही.

मध्ये मला एक स्थळ आलं होतं. मुलीच्या मामानं विचारलं, "तुमच्या आईचं आमच्या पोरीला करावं लागंल का?"

"न्हाई. सगळं मीच करतो."

"सगळं म्हंजे?"

मी सांगितलं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. चहा तसाच ठेवून उठली.

आई आतून ऐकत होती.

"गेली?"

"गेली."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि शौचाचं भांडं मागितलं.