डाव्या कार्ब्युरेटरचा सूड

सासऱ्यांनी आपली दोन सिलिंडरची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल मला दिली, तेव्हाच थोरल्या साडूच्या पोटात दुखायला लागलं होतं. मला ते दिसलं नाही. पण ज्याला समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर दिसत नाही, त्याला साडूचं पोट काय दिसणार.

साडू मांडवगण फराट्याचा, मी दौंडचा. दिवाळीला आम्ही दोघं वडगाव रासाईला सासुरवाडीत होतो आणि गाडी जरा अडखळत होती. साडू म्हणाला, डावीकडं पेट्रोल कमी पोचतंय, लगेच करून देतो. त्यानं डावा कार्ब्युरेटर खोलला, त्यातून पेट्रोल मोजून सोडणारा पितळी जेट काढला आणि पोती शिवायचं दाभण त्याच्या भोकात घालून गरागरा फिरवलं. मी शेजारी बॅटरी धरून उभा होतो. नुसता उभा नव्हतो, मधून मधून ‘वा दादा’ असंही म्हणत होतो.

तेव्हापासून गाडी डाव्या नळीतून म्हशीच्या गोठ्याएवढा धूर काढायला लागली. शिरूरच्या बसस्टँडसमोर बंद पडली, तळेगावच्या आठवडे बाजारात मिरच्यांच्या ढिगाशेजारी बंद पडली. आणि साडू गावोगाव सांगत सुटला की पाव्हण्यानं गाडीची वाट लावली. शेवटी सासऱ्यांच्या कानाला लागला, ‘मामा, त्यांच्या हाताला लाभत न्हाई. माझ्याकडं द्या.’

सासरे न्यायाचे माणूस. त्यांनी निरोप धाडला की अधिक महिन्यात दोन्ही जावई धोंडे खायला येणारच आहेत, तेव्हा गाडी घेऊन या. दोन्ही सिलिंडर सारखे चालले तर गाडी तुमची. नाही तर किल्ली ठेवून एसटीनं जा.

मी दोन्ही कार्ब्युरेटर उतरवले आणि ओट्यावर वर्तमानपत्र पसरून बसलो. पेट्रोल आणि जुना टूथब्रश घेऊन घासताना दोन्ही जेट उजेडापुढं धरले. उजव्याचं भोक सुईचं, डाव्याचं दाभणाचं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोला वाटलं उपास आहे.

डावीकडं नवा जेट बसवला. आता दोन्हींचा मेळ घालायचा होता. मूठ पिळली की दोन्हींतले हवेची वाट उघडणारे स्लाइड एकदम वर उठले पाहिजेत, एक आधी उठला की इंजिन लंगडतं. सुडाच्या भरात मी स्लाइडच उलटे बसवले. किक मारताच गाडी अशी किंचाळली की मूठ सोडली तरी गप्प बसेना. शेजारची कोंबडी उडून पत्र्यावर गेली. बायको बाहेर आली, किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि म्हणाली, ‘सासुरवाडीला जायचंय, चंद्रावर न्हाई.’ मग स्लाइड सुलटे केले, केबल थोडी थोडी ताणत दोन्ही एका वेळी उठायला लावले, हवा कमीजास्त करायचे दोन्ही स्क्रू सारखे पिळले. गाडी शहाण्यासारखी चालायला लागली.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण नुसती गाडी वाचवून माझं भागणार नव्हतं. साडूनं मामांपुढं केलेलं कबूल करायला हवं होतं. मी तो बिघडवलेला जेट खिशात घातला.

वडगावला पाटावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. ताटं वाढलेली होती, वाफाळते धोंडे, वर तूप. साडू हात धुवायला गेला तेवढ्यात मी त्याच्या वरच्या धोंड्याच्या पुरणात जेट दाबला आणि बोटानं कणीक लिंपली. दात पडला तर पडो. तो चावला की ‘दादा, वळखीचं लागतंय का?’ एवढंच विचारायचं होतं.

साडू चावला. थबकला. मी तोंड उघडणार, तोच त्यानं मिशा पुसल्यासारखं करून तोंडातला ऐवज मुठीत घेतला आणि मूठ सदऱ्याच्या खिशात सोडली. मग तिरक्या नजरेनं माझ्या ताटाकडं बघितलं.

माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. काही घरी जावयाच्या धोंड्यात सोन्याचा मणी गुपचूप घालतात. त्याची वाच्यता करायची नाही, ज्याला मिळाला त्यानं ठेवून घ्यायचा. साडू जेटला सोनं समजला होता. आणि आपल्यालाच मिळालं, धाकट्याला नाही, म्हणून गालात हसत होता.

‘मामी, कशाला एवढा खर्च केला?’ तो म्हणाला.

‘खर्च कसला,’ सासूबाई म्हणाल्या, ‘घरच्या म्हशीचं तूप हाय.’

माझा घास नाकात गेला.

जेवणं उरकल्यावर अंगणात मी किक मारली. सासरे उकिडवे बसले आणि दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी एकेक तळहात धरला. मग ते म्हणाले, ‘सारखं हाय. आधी काय झालं हुतं?’

‘डाव्या जेटचं भोक मोठं झालं होतं,’ मी म्हणालो. ‘तो जेट दादांच्या खिशात हाय.’

साडूनं खिशात हात घातला. पुरण लागलेला तो पितळी तुकडा तळहातावर आला तसा त्याचा चेहरा उतरला. सासऱ्यांनी तो घेतला, धोतराला पुसला, उन्हात धरला. ‘हा तुमच्याकडं कसा?’

मी साडूकडं बघत होतो. सोनं समजून दडवला म्हणावं, तर मामी समोर उभ्या. चोरला म्हणावं, तर त्याहून वाईट. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी आभाळाकडं बघितलं.

‘दिवाळीला मीच दाभण घातलं हुतं,’ तो म्हणाला. ‘चुकलं, मामा.’

सासऱ्यांनी मान हलवली. किल्ली गाडीलाच होती, ती तिथंच राहिली.

मला त्याची दया यायला हवी होती. बायकोला आली. ती वाटेत म्हणाली, झालं ना मनासारखं, आता सोडा. मी हो म्हणालो. पण साडू अजून वडगावलाच होता, म्हणून मांडवगणात शिरल्यावर मी रस्ता सोडून त्याच्या वस्तीवर वळलो आणि दाराला कुलूप असलेल्या त्या घरासमोर उभं राहून मूठ पूर्ण पिळली. ऐकायला त्याच्या दोन म्हशीच होत्या. त्यांनी रवंथ थांबवलं आणि माझ्याकडं असं बघितलं की बायको मागून म्हणाली, ‘चला आता. त्यांनाबी लाज वाटतीय.’