मंगळवारची निर्जळी

हे मी माझ्या पोरालाबी सांगितलं न्हाई. तो फौजेत, लांब. देवीपुढं हात जोडले तरी तोंडातनं निघालं न्हाई. तुमाला सांगते. का सांगते — मलाच ठावं न्हाई.

माझी सून, वैशाली. कवठे महांकाळची पोरगी, लग्न होऊन कोरेगावला आमच्या घरी आली. कामाला वाघीण, पण उभ्या उभ्या तिच्या डोळ्यापुढं अंधारी यायची. छाती धडधडायची, हातपाय कापायचे, आन् धपकन खाली. एका मंगळवारी देवीच्या आरतीला तशीच पडली. कुणीतरी वरडलं — अंगात आलं! बायकांनी तिचं कपाळ हळदीकुंकवानं भरलं, पायावर डोकी ठेवली.

आता माझं ऐका. मालक गेल्यापासनं मला हळदीकुंकवाला कुणी बोलावलं न्हवतं. वाटंत समोर आले तर बाया बाजूला व्हायच्या. त्याच बाया माझा हात धरून म्हणाल्या, आवं काकू, लय नशीब काढलंत. गोड वाटलं. खोटं कशाला बोलू?

तिचा बाप मात्र ऐकंना. सांगलीला विश्रामबागेतल्या दवाखान्यात दाखवाच म्हणाला. मीच गेले संगं. डॉक्टरीणबाईनं तिला आधी निजवून, मग उभी करून बीपी बघितला. पोरगी पांढरीफट्ट पडली. तिला आत झोपवून बाईनं मला बाहेर घेतलं. म्हणाली, माणूस उभं राहिलं की रगात वर चढवायचं काम शरीर आपलंआपण करतं, ते काम करणाऱ्या हिच्या नसांचंच बिघडलंय. ढोंग न्हाई, अंगात येणं न्हाई. पाणी भरपूर द्या, मीठ जास्त द्या, लय वेळ उभी करू नका. आन् परत आणा — हा आजार लौकर कुणाला कळतच न्हाई, आमी अशा पेशंटांचा अभ्यास करतोय.

मी सुनंला काय सांगितलं? — अशक्तपणा हाय. बापालाबी तेच.

एवढंच असतं तर — न्हाई, एवढंच न्हाई. पुढच्या एका आरतीला ती पडलीच न्हाई. बाया वाट बघून गेल्या. दुसऱ्या दिवशी दारात कुणी आलं न्हाई. तवा मी तिला मंगळवारची निर्जळी धरायला लावली. मीठ न्हाई, पाण्याचा थेंब न्हाई. देवीला आवडतं म्हणाले. बाईनं जे द्या म्हणून सांगितलं, तेच मी काढून घेतलं — कळून सवरून. मग दर मंगळवारी पडायला लागली.

आता कुठल्या तोंडानं मागं फिरू? गावानं तिच्या पायाची माती कपाळाला लावलीय. पोरगा रजेवर आला की तोबी बायकोपुढं हात जोडतो. दवाखान्यातनं फोन येतो, परत आणा म्हणून — मीच उचलते. बरी हाय म्हणते आन् ठेवते.

परवा तिच्या डोक्याला तेल लावत व्हते. ती रडायला लागली. म्हणाली, "आत्या, अलीकडं दोन पायऱ्याबी चढवंनात. देवी माझ्यावर रागावली असंल का? शुक्रवारचीबी निर्जळी धरू?"

मी तेल लावायचं थांबवलं न्हाई. धर, म्हणाले.